खालच्या माईची टोपली

सिरसपारच्या तलावातून गाळाची पहिली नळी वर आली आणि आडवी ठेवून उभी चिरली गेली, तेव्हा आत नुसता चिखल निघेल असं खुशाल डोंगरवारांना वाटलं होतं. चिखलच निघाला, पण कांद्याच्या पापुद्र्यांसारखा थराथरांनी रचलेला. काळा, राखी, पुन्हा काळा, मधेच विटेच्या रंगाची एक बारीक रेघ. त्यांची मुलगी हर्षाली गुडघ्यांवर बसून त्या थरांकडे बघत होती. लहानपणी ताटात मासा आला की ती अशीच बघायची. काटे कुठे आहेत ते आधी ठरवायची आणि मग हात लावायची.

"हे वरचं बोटभर म्हनजे तुमचा जन्म, बाबा," ती म्हणाली. "आनि इथं, जिथं काळा थर सुरू होते, तिथं तलाव बांधला."

"आनि त्याच्या खाली?"

"त्याच्या खाली आपन नाई. जंगल."

तीनशे वर्षांपूर्वी तलाव बांधण्यात तरबेज असलेल्या कोहळी समाजाच्या पूर्वजांनी दोन टेकड्यांच्या मधे मातीचा बांध घालून हा तलाव अडवला होता. बांधाला इकडे पार म्हणतात आणि पाणी सोडायच्या दगडी मोरीला तुडुम. तुडुमातून पाणी सुटलं, खाली धान पिकला, ऊस पिकला, गाव वसलं. पार घालणारा पहिला माणूस डोंगरवारांच्या घरातला होता, असं घरात सांगत. खुशाल ते कधी मोठ्यानं सांगत नसत. पण मनातून त्यांना ते आवडायचं.

हर्षाली नागपूरच्या एका संस्थेत होती. तिथे नुकतंच गाळवाचक नावाचं यंत्र तयार झालं होतं. त्याचं काम समजायला अवघड नाही. दर पावसाळ्यात तलावात माती वाहून येते आणि तळाशी तिचा एक पातळ थर बसतो. त्या थरात झाडांचे परागकण असतात, जाळलेल्या रानाचा कोळसा असतो, डासांच्या अळ्यांनी टाकलेल्या काती असतात, मेलेले डास असतात. प्रत्येक सजीव आपल्या आनुवंशिक द्रव्याचे तुकडे मागे सोडतो आणि थंड, काळ्या, हवा न पोचणाऱ्या चिखलात ते शेकडो वर्षं टिकतात. गाळवाचक ते तुकडे वेचतो आणि कोणता तुकडा कोणाचा ते ओळखतो. डासाच्या पोटातला हिवतापाचा परजीवीसुद्धा त्याला सापडतो. म्हणजे अमुक काळात इथे सालाचं रान होतं की धान, कोणत्या जातीचे डास होते आणि त्यांच्यातले किती ताप घेऊन उडत होते, हे सगळं एका नळीत वाचता येतं.

"लोक म्हनतात हिवताप जंगलातून येते," हर्षाली एकदा ओसरीवर बसून सांगत होती. "खरं पाहिलं तर तो मानसाच्या कुदळीमागं चालते. तापाचा डास गटारात अंडी घालत नाई. त्याले स्वच्छ पानी पाहिजे, त्यावर ऊन पाहिजे आनि पानी फार वाहतं नको. दाट जंगलात ऊन खाली येत नाई. मानसानं झाडं तोडली, पाट खोदले, धान लावायले बांध्या केल्या. रेल्वेच्या भरावासाठी माती काढली, त्या खड्ड्यांत पानी साचलं. कालवे आले, शेतं पाझरली. जिथं जिथं मानसानं जमिनीची घडी बदलली तिथं तिथं ताप कुठं वाढला, कुठं कमी झाला. तो कधी नुसता गेला नाई. हलला."

खुशाल ऐकत होते. समोरच्या भिंतीवर हर्षालीच्या आईचा, सत्यफुलाचा फोटो होता. दोन वर्षांपूर्वी हिवतापाची जी नवी जात आली, जिने जुन्या गोळ्यांना दाद दिली नाही, तिनं सत्यफुलाला आठवड्यात नेलं होतं. हर्षालीनं त्या आधी भाताच्या वाणांवर काम केलं होतं. आई गेल्यावर तिनं विषय बदलला.

नळीनं जे सांगितलं ते ऐकून सगळं सिरसपार हरखलं. तलाव बांधल्यावर पहिली साठ-सत्तर वर्षं गावात तापाचा कहर होता. मग तो एकाएकी खाली आला आणि दीडदोनशे वर्षं जवळजवळ नाहीसा झाला. अलीकडे, सरकारी लोखंडी झडप बसली त्या सुमारास, तो परत डोकं वर काढू लागला. मधल्या काळात गावानं काय केलं होतं? तुडुमबंदी केली होती.

तुडुमबंदी ही सिरसपारची जुनी रीत. कोजागिरी झाली की डोंगरवारांच्या घरातला वडीलधारा पाण्यात उतरून तुडुमात गुडदी, म्हणजे लाकडी बूच, ठोकायचा. सव्वा महिना पाणी बंद. धान तोवर दाण्यात आलेला असे, त्याला पाणी नको असे. पाट सुकायचे, बांध्या सुकायच्या, आणि साचलेल्या पाण्यातल्या अळ्या पंख फुटायच्या आधीच मरायच्या. शिवाय तलावात पाणी शिल्लक राहायचं, ते पुढे उसाला आणि आता उन्हाळी धानाला. पूर्वज सांगत, हे दिवस खालच्या माईचे. या दिवसांत माय नाल्याच्या काठानं फिरते. शिवेच्या दगडापलीकडे कोणी जायचं नाही. जायचं ते फक्त तिच्या नावाची टोपली दगडाशी ठेवायला आणि मागे न बघता परत यायला.

सरकारी झडप आल्यापासून बंदी एका दिवसावर आली होती. टोपली मात्र सुटली नव्हती. खुशाल एकोणीस वर्षांचे होते तेव्हापासून ती वाहत होते.

मागच्या वर्षी हर्षालीच्या सांगण्यावरून सव्वा महिन्याची पुरी बंदी पुन्हा केली. गावातला ताप पाचव्या हिश्श्यावर आला. वर्तमानपत्रांत हर्षालीचा फोटो आला, त्यात मागे खुशालही अर्धे दिसत होते. यंदा खोऱ्यातल्या चाळीस तलावांवर मोटरच्या झडपा बसल्या. त्यांचं वेळापत्रक हर्षालीच्या संस्थेतून चालणार होतं, आणि पहिली झडप सिरसपारला समारंभानं बंद व्हायची होती. मान अर्थात खुशाल डोंगरवारांचा.

*

मनिराम मडावी आला तो उन्हाळ्यात. तालुक्याच्या वसतिगृहात तो आणि खुशाल तीन वर्षं एका खोलीत होते, तेव्हापासूनची मैत्री. मनिरामचे पूर्वज सिरसपारच्या खाली नाल्याकाठच्या हिरडीटोल्याचे. ते गाव केव्हाच उजाड झालं. सरकारी दप्तरात त्याच्या नावापुढे 'रिठी' लागलं, म्हणजे माणूस नसलेलं गाव. सहा वर्षांपूर्वी वाघांसाठी जंगलातली काही खेडी उठवली तेव्हा मनिरामच्या भावकीला नेमकी तीच जागा मिळाली. सतरा घरं. पूर्वजांच्या दगडांवर त्यांनी नव्यानं शेंदूर लावला.

"तुह्या पोरीकडं काम होतं," मनिराम म्हणाला. चहा त्यानं बशीत ओतून तसाच ठेवला होता. "आमच्या बोडीतली माती पाह्यन म्हना ती."

बोडी म्हणजे लहानसं तळं. हिरडीटोल्याची जुनी बोडी गाळानं भरून आली होती.

"कायले?"

"सोमा गेला ना." सोमा त्याचा धाकटा भाऊ. "मागच्या कार्तिकात आमच्याइकडं घरोघरी हिव होतं. डाक्तर म्हने, तुमी जंगलातून आनलं. त्याच्या आधी पाच वर्सं आमी टोल्यातच राहून रायलो. पाच वर्सं काऊन नाई आनलं?"

खुशालनी बशी त्याच्यापुढे सरकवली.

"आनि एक गोष्ट," मनिराम हसला. "तुह्या टोपलीची. आमची बुढी सांगे. तिले तिच्या बुढीनं सांगतलेली. वरून टोपली आली का आमचे लोक घाईघाईनं लाकडं फोडून ठेवत, पानी भरून ठेवत. मी विचारत होतो, काऊन? तर म्हने, मंग कोनाच्यानं उठवत नसे."

"माईचा सन असन काही."

"असन. मले तर वाटे, टोपलीत मोहाची दारू असन."

दोघेही हसले. नंतर मात्र खुशालना ते हसणं आठवत राहिलं.

हर्षालीनं आधी नको म्हटलं. हंगामाची कामं होती, यंत्रापुढे चाळीस तलावांच्या नळ्या रांगेत होत्या. "मनिरामकाका म्हनतात म्हनून घेते," ती शेवटी म्हणाली, आणि ज्येष्ठात एका दुपारी हिरडीटोल्याच्या बोडीत नळी उतरली.

*

कोजागिरीच्या तीन दिवस आधी ती नागपूरहून आली. दुपारची वेळ होती. खुशाल ओसरीवर टोपली भरत बसले होते. बांबूची नवी टोपली, तळाशी नवे तांदूळ, मिठाची पुडी, तेलाची बाटली, हळद. हर्षाली चप्पल न काढताच पायरीवर बसली.

"बोडीचं आलं," ती म्हणाली.

"काय म्हनते?"

तिनं मोबाइलवर दोन रेघा दाखवल्या. एक वरच्या तलावाची, एक खालच्या बोडीची. खुशालना आलेख फारसे कळत नसत, पण हा कळायला शिकावं लागत नव्हतं. वरची रेघ जिथे खाली पडत होती, तिथेच खालची उठत होती. वरची सपाट होती तोवर खालची उंच होती. मग खालची एका जागी तुटली होती.

"तुटली म्हनजे?"

"तिथून पुढं धानाचे परागकन नाईत. शेनाचा, चुलीच्या राखेचा अंश नाई. मानसं नाईत." तिनं मोबाइल पालथा ठेवला. "मी मूर्खासारखी फक्त वरचंच पाहिलं, बाबा. तुडुम बंद केलं का आपले पाट सुकतात, हे बरोबर. पन नाला तर आपल्याच पाटातून सांडनाऱ्या पान्यावर वाहते. वरून पानी थांबलं का त्याची धार तुटते आनि वाळूत डबकी राहतात. स्वच्छ, उथळ, वरून ऊन. त्या डासाले ह्याच्यापेक्षा चांगली जागा माह्या प्रयोगशाळेतही बनवता येनार नाई. आपन ताप घालवला नाई. खाली ढकलला."

खुशालचा हात टोपलीत होता. त्यांनी नेहमीच्या सवयीनं पुढची वस्तू उचलली. काडेकिराईताची जुडी, तापावर उकळून पितात ती कडू काडी. ती त्यांनी तांदळावर ठेवली. मग घडी घातलेली काळी घोंगडी उचलली आणि ती मात्र हातातच राहिली. घोंगडी दर वर्षी नवी. वडिलांनी सांगितलं होतं, बाकी काही चुकलं तरी चालेल, घोंगडी चुकवायची नाही.

"हर्षे," ते म्हणाले, "देवीले घोंगडी कायले लागते?"

"रीत असते, बाबा."

"आनि किराईत? देवीले हिव भरते का?"

हर्षाली टोपलीकडे बघत राहिली.

"म्हनजे त्यांले माहीत होतं," खुशाल म्हणाले.

"असं नाई म्हनता येत. गाळात किती डास, किती ताप, इतकंच असते. कोनाले काय माहीत होतं, ते कोनत्याच थरात नसते."

"टोपलीत हाये पन."

तुडुमात पहिली गुडदी ठोकणाऱ्या पूर्वजाचा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता, तरी लहानपणापासून त्याला एक चेहरा दिला होता. रुंद कपाळ, शांत डोळे. आता तो माणूस त्यांना टोपली भरताना दिसला. तापानं पोरंबाळं मेलेली, काहीतरी करायलाच हवं अशा वेळी तुडुमात गुडदी ठोकणारा. आणि मग खाली काय होणार ते कळल्यावर घोंगडी विकत आणणारा. तो वाईट नव्हता. वाईट माणसानं घोंगडी कशाला पाठवली असती? चांगला होता असंही म्हणवेना. त्याच्या नातवानं माईची गोष्ट केली असेल. पणतवानं ती खरी मानली. आणि शिवेच्या दगडापलीकडे जायचं नाही, असं ठरल्यावर कोणी काही बघायचं कारणच उरलं नाही.

"दुसरा काही रस्ता हाये का?" त्यांनी विचारलं.

"हाये. बंद नाई करायचं. आठवड्यातून एकदा अर्धा दिवस झडप पुरी उघडायची. जोराचा लोंढा पाट आनि नाला, दोन्ही धुऊन काढते. मधल्या दिवसांत दोन्ही सुकू द्यायचं नाई, साचू द्यायचं नाई. अळ्या वाहून मरतात. जुन्या काळी चहाच्या काही मळ्यांवर असं करत."

"मंग?"

"मंग माघापर्यंत तलाव अर्धा. गावाचा उन्हाळी धान गेला." तिनं चप्पल काढली, पुन्हा घातली. "आनि ते इथं चालनच, असं मी लिहून देऊ शकत नाई. बंदी चालते हे मले माहीत हाये. माय ह्याच घरात गेली, बाबा. एका बोडीच्या गाळावर मी गाव उघडं टाकू?"

*

ग्रामसभेत खुशाल बोलले, पण नीट नाही. त्यांना सभेत बोलता येत नसे. घोंगडीबद्दल सांगायला गेले तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "काका, माईले थंडी वाजत असन," आणि लोक हसले. लोंढ्याबद्दल सांगितलं तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. उन्हाळी धान म्हणजे वर्षाचा अर्धा घास.

सरपंच लोकेश कापगते तरुण होता, उद्धट नव्हता. "काका, तुमचं मन मोठं हाये. पन खाली सतरा घरं. वर साडेचारशे. त्यांले मच्छरदान्या देऊ, फवारनी करू, आपल्या खर्चानं करू. अजून काय करायचं?"

"टोपली करू," खुशाल म्हणाले.

"काय?"

"काही नाई."

शेंड्यांची मंगला उठली. तिचा आठ वर्षांचा मुलगा सत्यफुलाच्या आधी महिनाभर गेला होता. ती भांडायला उठली नव्हती. "भाऊजी, खालच्यांचं वाईट वाटते ना जी. पन माही दुसरी पोरगी हाये. मी काय करू ते सांगा." खुशालनी तिच्याकडे पाहिलं आणि खाली बसले.

हर्षालीला विचारलं. ती म्हणाली, एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, यंदाची बंदी ठरल्याप्रमाणे होऊ द्यावी, पुढच्या वर्षी अधिक नमुने घेऊ. बोलताना तिनं वडिलांकडे बघितलं नाही.

"झडपेले मी हात लावनार नाई," खुशाल म्हणाले.

"तुमचा मान हाये, काका."

"असू द्या."

"मोटर बटनावर चालते," लोकेश हळू आवाजात म्हणाला, जणू त्यालाही ते सांगायचं नव्हतं. "तुमी नाई आले तरी बंद होईन."

*

समारंभाच्या सकाळी पारावर लाउडस्पीकर लागला होता. खुशाल टोपली खांद्यावर घेऊन उलट्या दिशेनं निघाले. शिवेच्या दगडाशी थांबले. चाळीसहून अधिक वर्षं ते इथपर्यंत आले होते आणि इथूनच वळले होते. मागच्या वर्षीच्या टोपलीच्या काड्या गवतात पडल्या होत्या. तांदूळ माकडांनी खाल्ले असणार. घोंगडी कुणी नेली, ते त्यांनी कधी मनात आणलं नव्हतं. वरून टाळ्यांचा आवाज आला. त्यांनी दगडाला हात लावला आणि पलीकडे पाऊल टाकलं.

मनिराम अंगणात टोपली विणत होता. त्यानं खुशालकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या टोपलीकडे.

"रस्ता चुकला का, खुशालभाऊ?"

"नाई. माईची टोपली आनली."

"माय गेली बाजारले." मग त्याला त्यांचा चेहरा दिसला. "बस. आधी पानी पी."

खुशालनी त्याला सगळं सांगितलं. दोन रेघा, डबकी, तुटलेली रेघ. मनिराम हातातली बांबूची पट्टी उलटसुलट करत ऐकत राहिला. शेवटी त्यानं टोपलीतली घोंगडी काढली, उलगडली, पुन्हा घडी घातली.

"चांगली हाये," तो म्हणाला. "सोमाच्या अंगावर हीच होती. मागच्या सालची. मीच आनली होती दगडावरून. वाटलं, कोनी इसरलं."

त्यानं घडी परत तांदळावर ठेवली.

खुशाल परत गेले नाहीत. झडप उघडेल तोवर इथेच राहीन, म्हणाले. मनिरामनं त्यांना समजावलं, मग रागावला, मग सोमाची खाट काढून दिली. पाच दिवसांत नाल्याची धार तुटली. वाळूत डबकी राहिली, आकाशासारखी स्वच्छ. खुशाल रोज सकाळी काठावर बसून बघत. आधी काही दिसलं नाही. मग एका सकाळी पाण्यावर गव्हाच्या कोंड्याएवढे काळे तुकडे दिसले, पृष्ठभागाला चिकटून आडवे पडलेले. सावली पडली की ते झटकन खाली जात. हर्षालीनं चित्रात दाखवले होते, तसेच. वस्तीतल्या लोकांनी गावाहून आलेलं तेल डबक्यांवर ओतलं, पण डबकी नदीपर्यंत होती आणि तेल दोन दिवसांचं होतं.

हर्षालीचा फोन रोज येई.

"मच्छरदानीत झोपता ना?"

"झोपतो. चांगली हाये. पन संध्याकाळी पानी आनायले मच्छरदानी घालून जाता येत नाई."

"बाबा, तुमी माह्यावर दबाव आनून रायले."

"हो," खुशाल म्हणाले.

मग ती म्हणाली, "इथं ताप नाई. एकही केस नाई. मंगलाकाकूची पोर शाळेत जाऊन रायली. हे पन तुमाले दिसलं पाहिजे."

"दिसते ना. म्हनून तर मी तुले झडप उघड म्हनलं नाई. मी फक्त इथं राहून रायलो."

तिसऱ्या आठवड्यात वस्तीत पहिलं हिव भरलं. मग तीन घरांत. मनिरामच्या सुनेनं न बोलता लाकडं फोडून ठेवली, दोन दिवसांचं पाणी भरून ठेवलं. ते बघून खुशालना बुढीची गोष्ट आठवली आणि त्यांनी मान फिरवली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच पाठीच्या कण्यातून गारवा चढला.

तो दिवस त्यांना नंतर तुकड्यातुकड्यांनी आठवे. डोक्यावर ऊन होतं, वाळू तापली होती. ते नाल्याच्या काठी आंब्याखाली बसले होते आणि दात वाजत होते. मनिरामनं ती घोंगडी आणून अंगावर टाकली. लोकर खरखरीत होती, तिला नव्या तांदळाचा वास होता. किती वर्षं आपण ही दगडावर ठेवली, कधी पांघरून पाहिली नाही, असं काहीसं त्यांच्या मनात आलं. मग आवाज ऐकू आला. तापातला असेल असं वाटलं. दूर कोणी सुपात धान पाखडतंय, तसा.

मनिराम उभा राहिला होता.

नाल्याच्या वळणावरून पाणी आलं. आधी फेसाची एक मळकट कड आली, तिच्यात पाचोळा, काड्या, मेलेलं गवत. ती पहिल्या डबक्यात शिरली, ते भरलं, फुटलं, आणि सगळं मिळून पुढच्या डबक्याकडे निघालं. मागून रंग बदलला आणि जोराची धार आली. वस्तीतले लोक काठावर येऊन बघत राहिले.

पाण्यामागून, काठाकाठानं, हर्षाली चालत आली. पॅन्ट गुडघ्यांपर्यंत भिजलेली. शिवेच्या दगडापलीकडे ती नळी घेऊन एकदाच आली होती, तेव्हा ते तिचं काम होतं. तिनं वडिलांच्या बोटाला सुई टोचली, पट्टीवर थेंब घेतला आणि बसून राहिली. हिवतापाची दुसरी रेघ उमटली तेव्हा तिनं पट्टी मुठीत धरली.

"नवीन गोळ्या आनल्या," ती म्हणाली. "सगळ्यांसाठी."

"किती तलाव उघडले?"

"एक. आपलाच. बाकीचे एकोनचाळीस बंदच हायेत. मले तेवढाच अधिकार होता, तोही आता किती दिवस, माहीत नाई." तिनं पाण्याकडे पाहिलं. "लोकेश बोलत नाई. मंगलाकाकूनं दार लावून घेतलं."

"ती चुकली नाई."

"मी तरी कुठं म्हनलं."

हिव ओसरत होतं, आता अंग तापू लागलं होतं. खुशालनी घोंगडी खांद्यावरून खाली सारली. पाणी समोरून वेगानं जात होतं.

"हे पुढं कुठं जाते?" त्यांनी विचारलं.

"नदीले."

"आनि अळ्या?"

"लोंढ्यात मरतात बहुतेक."

"बहुतेक."

"हो, बाबा. बहुतेक. नदीकाठच्या गावातला गाळ काढायचा हाये. उद्यापासून." तिचा आवाज दमलेला होता, पण स्थिर होता.

खुशालनी घोंगडीची घडी घालायचा प्रयत्न केला. एकट्यानं ती नीट बसेना. मनिरामनं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ती घातली आणि खुशालनी ती त्याच्या हातात दिली.

"पुढच्या साली टोपलीत ही नसन," ते म्हणाले.

"आनि किराईत?" मनिरामनं विचारलं.

खुशालनी हर्षालीकडे पाहिलं. ती पाण्याकडे बघत होती, डोळे बारीक करून, एकेका डबक्याच्या जागेवर थांबत.

"किराईत राहू दे," ते म्हणाले. "अजून."